घरच्या सीएनसीची वायरिंग: आठ महिन्यांत काय टिकलं, काय काढून टाकलं

कोथरूडला आमच्या इमारतीच्या पार्किंगमागे अडगळीची एक खोली आहे. सोसायटीने ती वापरायला दिली आणि मी तिथे संगणकाच्या आज्ञेने लाकूड कोरणारा घरगुती सीएनसी राउटर उभा केला. मशीन पावलापावलाने सरकवणाऱ्या, नेमा २३ मापाच्या चार स्टेपर मोटरी आणि कोरण्याचं पातं फिरवणारा १.५ किलोवॅटचा स्पिंडल. देव्हाऱ्याच्या कमानी, दारावरच्या पाट्या, असली कामं करतो. आठ महिने झाले. सांगाड्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, तो गुमान उभा आहे. छळलं ते वायरींनी आणि कनेक्टरांनी, म्हणून हा अनुभव त्यांच्यापुरताच.

सुरुवातीला सगळीकडे एकच कनेक्टर लावला, जीएक्स१६. चार पिनांचा, गोल, चकचकीत, वरून आट्यांची रिंग. बाजारात याला ‘एव्हिएशन कनेक्टर’ म्हणतात, विमानाशी नातं नावापुरतंच. कंट्रोलच्या पेटीच्या पॅनेलला १६ मिमीचं भोक पाडायचं, नट आवळायचा, झालं. पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात शंभराच्या आतबाहेर जोडी मिळते. हातात घेतला की वजनदार लागतो, म्हणून दणकट वाटतो. मी त्या वजनालाच भुललो.

स्टेपर मोटरींसाठी तो ठीकच आहे. माझा सप्लाय ३६ व्होल्टचा, मोटरीला जेमतेम साडेतीन अँपिअर, आणि चार पिनांच्या जीएक्स१६ ला साधारण ५ अँपिअर धरतात. चारपैकी तीन कनेक्टर आजही तेच आहेत. चौथ्याने मात्र एक ड्रायव्हर (मोटरीला करंट देणारं सर्किट) खाल्ला. मशीनच्या थरथरीने रिंग हळूहळू सैल होत गेली आणि काम चालू असताना प्लग अर्धवट निसटला. स्टेपरच्या वाइंडिंगमधला करंट असा मध्येच तुटला की त्याचा झटका ड्रायव्हरच्या आउटपुटला बसतो. त्यामुळे वीज चालू असताना स्टेपरचा प्लग काढायचा नाही, हे मला माहीत होतं. प्लगला माहीत नव्हतं. आता प्रत्येक रिंग आवळून तिच्यावर आणि पॅनेलवर मिळून बायकोच्या नेलपेंटची एक लाल रेघ ओढली आहे. रेघ मोडलेली दिसली की रिंग फिरली. उपाय फुकटातला आहे आणि त्यानंतर एकदाही दगा झालेला नाही.

खरी चूक स्पिंडलला तोच कनेक्टर लावण्यात झाली. दुकानात विचारलं होतं. “साहेब, चारशे व्होल्टला चालतो, बिनधास्त लावा.” आकडा कागदावर असेलही. पण घरच्या २३० व्होल्टवरून व्हीएफडीच्या (स्पिंडलचा वेग बदलणाऱ्या यंत्राच्या) आत साधारण ३२५ व्होल्टची डीसी तयार होते आणि तीच कापून कापून स्पिंडलला जाते. दुसऱ्या महिन्यात पेटीजवळ गरम बॅकेलाइटसारखा वास यायला लागला. बंद करून, दहा मिनिटं थांबून (व्हीएफडीतले कपॅसिटर स्विच बंद केल्यावरही भरलेले असतात, मी मीटरने मोजल्याशिवाय हात घालत नाही) कनेक्टर उघडला. एका पिनेभोवतीचा काळा ठोकळा तपकिरी झाला होता. दीड एमएमची वायर त्या पिनेच्या वाटीत मावत नाही, म्हणून मीच तिचे सातआठ पदर कापून ती कोंबली होती. त्यातला एक सुटा पदर वाकून धातूच्या टोपणापासून केसभर अंतरावर आला होता. त्याच टोपणाला धरून मी रोज प्लग काढत-घालत होतो.

तेव्हा कुठे शांतपणे बघितलं. हे टोपण चारपैकी कुठल्याच पिनेला जोडलेलं नसतं, म्हणजे आत वायर सुटली तर ते जिवंत होणार आणि अर्थिंगला काहीच कळणार नाही. चौथी पिन अर्थला दिली तरी ती बाकीच्या तिघींएवढीच लांब. आपल्या भिंतीवरच्या १६ अँपिअरच्या प्लगची अर्थची पिन जाडही असते आणि लांबही, ती आधी शिरते आणि शेवटी सुटते. इथे तसं काही नाही. वर मला मिळालेल्या जोडीत पेटीच्या बाजूला उघड्या पिना आणि वायरीच्या बाजूला भोकं. वीज येते त्या बाजूला भोकं हवीत, एवढं साधं. ३६ व्होल्टला हे खपून जातं, ३२५ ला नाही.

पर्याय शोधले. हार्टिंगचा हॅन ३ए, तीन पोल आणि वेगळी अर्थ, १० अँपिअर, या कामासाठी योग्य आहे. महाग आहे, पण स्पिंडल वारंवार सोडवावा लागत असेल तर तोच घ्या. मी हिशेब केला तर स्पिंडलची वायर पेटीपासून सोडवायची वेळ मला खऱ्या गरजेने एकदाच आली होती. मग कनेक्टर हवाच कशाला? पेटीला केबल ग्लँड (केबल आवळून धरणारी खोबण) लावला, केबल थेट आत नेली आणि टोकांना फेरूल (पदर एकत्र धरणारी धातूची नळी) दाबून बसवून व्हीएफडीच्या टर्मिनलला आवळली. फेरूल नसेल तर पदर सोल्डरने भिजवून स्क्रूखाली देऊ नका. सोल्डर दाबाखाली हळूहळू बसतं, स्क्रू ढिला पडतो आणि पुन्हा तोच वास.

आता वायर. चौथ्या महिन्यात एक्स अक्ष मध्येच पावलं चुकवायला लागला, तेही फक्त डावीकडे गेल्यावर. एका कमानीची वेलबुट्टी अर्धा सेंटिमीटर सरकली, सागाची फळी वाया. वीज बंद करून मोटरीच्या एका फेजवर मीटर लावला आणि ड्रॅग चेन (सरकत्या वायरी सांभाळणारी साखळी) हाताने हलवली, तर एक ओहमच्या आसपासचा आकडा उड्या मारत होता. वायर सोलून ब्लेडने पदर खरवडला. वर तांब्याचा रंग, आत चांदीसारखा. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. रोधही जास्त आणि सारखं वाकवलं की तुटतं. पाकिटावर ‘कॉपर’ छापलं होतं. त्या दुकानाचं नाव घेत नाही, पण तेव्हापासून वायर विकत घेण्याआधी टोक खरवडूनच बघतो.

चेनमध्ये आता लॅप कंपनीची एफडी ८१० केबल घातली आहे, चेनमध्ये सतत वाकण्यासाठीच बनवलेली, बारीक पदरांची. स्टेपरला ०.७५ एमएम, स्पिंडलला धातूच्या जाळीत गुंडाळलेली, १.५ एमएम. घरगुती फ्लेक्सिबल वायरही शुद्ध तांब्याची असली तर काही महिने निघतात, पण चेनमध्ये ती पीळ खाते. आणि केबल चेनच्या आत झिपटायने बांधू नका, फक्त दोन्ही टोकांना. चार महिने झाले, एकही पाऊल चुकलेलं नाही.

सर्वांत उशिरा कळलेली गोष्ट अर्थिंगची. पावसाळ्यात अनवाणी उभा असताना स्पिंडलला हात लागला आणि झिणझिण्या आल्या. टेस्टर लावला तर मिणमिणता दिवा. केबलमधली अर्थ शाबूत होती, पेटीची अर्थ शाबूत होती. मग स्पिंडलच्या डोक्यावरची चौथी पिन आणि त्याचं अंग यांच्यात कंटिन्युइटी बघितली, मीटर वाजलाच नाही. कारखान्यातून ती पिन आत कशालाच जोडलेली नव्हती. स्वस्तातल्या स्पिंडलमध्ये हे सर्रास आढळतं, नवा आणल्या आणल्या तपासा. मी क्लॅम्पजवळचा रंग खरवडून, लग लावून हिरवी दीड एमएम थेट व्हीएफडीच्या अर्थ टर्मिनलला नेली.

त्याबरोबर घरातला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की वीज तोडणारा स्विच) उडायला लागला. वायरमन म्हणाला, “काका, हा बायपास करून टाकू.” नाही म्हटलं. व्हीएफडीचा थोडा करंट जाळीतून आणि अर्थमधून वाहतोच आणि केबल जितकी लांब तितका जास्त. माझी सहा मीटरची केबल अर्धी गुंडाळी करून उगाच पडली होती, ती कापून तीन मीटर केली. तेव्हापासून उडालेला नाही. उरलेली तीन मीटर मापाने गुंडाळून खिळ्यावर टांगली आहे, मोटर बदलली तर लागेल.