केबिनचे बुश बदलताय? कंपनीचं रबर, पीयू की पट्ट्याचे तुकडे

गेल्या पावसाळ्यात जांबोटी सोडून कणकुंबीकडे निघालो होतो. एका खड्ड्यात पुढचं चाक आदळलं आणि बॉनेटखालून खर्रर्र आवाज आला. उतरून बघितलं तर पंख्यानं भोवतीच्या प्लास्टिकच्या कड्याचा एक लचका तोडला होता. पंखा इंजिनाला, इंजिन चेसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी चौकटीला. रेडिएटर आणि तो कडा मात्र पुढच्या पत्र्याला, आणि तो पत्रा माझ्या गाडीत चेसिसवरच्या दोन रबरी बुशांवर, म्हणजे मधल्या जाड रबरी तुकड्यांवर उभा. बुश चपटे होत गेले, पत्रा खाली आला, आणि बोटभर असायला हवी ती फट उरलीच नाही.

गाडी 2009 सालची. त्याआधी वर्षभर ती सांगत होती, मीच ऐकत नव्हतो. ब्रेक दाबला की पायाखाली 'टक', क्लच सोडला की परत 'टक'. ड्रायव्हरकडचं दार उचलून लावावं लागायचं. मी बिजागरी बदलली, शॉकॲब्सॉर्बर बदलले, चाकांवरच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) बुश बदलले. केबिन ज्यावर बसते त्या रबराकडे कुणी बघितलंच नव्हतं.

हे बुश काय करतात ते आधी सांगतो, कारण निवड त्यावरच ठरते. बोलेरो पिकअप, टाटा 207 असल्या गाड्यांची चेसिस वेगळी आणि वरची केबिन वेगळी. माल भरून गाडी तिरकी चालली की चेसिस थोडी पिळवटते, आणि ती पिळवटलीच पाहिजे. तो पीळ केबिनच्या पत्र्यापर्यंत पोचू नये म्हणून मध्ये रबर. इंजिनाची थरथर अडवणं हे त्याचं दुसरं काम. एका जागी सहसा दोन तुकडे असतात. वरचा वजन घेतो, खालचा उसळी धरतो, आणि दोघांच्या मधून लोखंडी नळी जाते. बोल्ट आवळला की वॉशर त्या नळीवर येऊन थांबतो, म्हणजे रबर ठरलंय तेवढंच दाबलं जातं. जुन्या गाडीत ही नळी निम्म्या वेळा गंजून गायब झालेली असते. मग मेस्त्री बोल्ट आवळतच राहतो, रबर चिरडतं आणि महिन्याभरात बोल्ट पुन्हा ढिला.

बुश गेलेत का हे बघायला गॅरेज लागत नाही. चेसिस आणि केबिनच्या मध्ये पहार घालून हलकेच उचला. केबिन सहज उचलली जाऊन खाली 'टक' बसली तर रबर संपलं. बुशाभोवती लाल भुकटी दिसली, वॉशर रबरात रुतलेला दिसला किंवा बोल्ट भोकाच्या एका कडेला टेकलेला दिसला तरी तेच समजा.

आता निवडीकडे. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न 'कुठला बुश देऊ?' असा येतो. माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. बुश ज्या पत्र्यावर बसतो तो पत्रा शिल्लक आहे का, हे आधी बघा.

आपल्या बेळगाव भागात यात फार फरक पडतो. अथणी-चिकोडीकडची गाडी असेल तर पत्रा बहुधा खणखणीत असतो. तिथं रबर उन्हानं कडक होऊन भेगाळतं आणि ऊस-तंबाखूच्या जादा वजनानं चपटं होतं. अशा गाडीत बुश काढले, नवे घातले, काम संपलं. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे सलग पाऊस आणि तांबडा चिखल. बुशाच्या वरच्या खोबणीत तो चिखल बसतो आणि दिवाळीपर्यंत ओलाच राहतो. तिथला पत्रा आतून कुजतो, वरून रंग मात्र शाबूत. गोव्याहून मासळी आणणाऱ्या गाड्यांचं तर विचारूच नका, बर्फाचं खारट पाणी हौद्यातून थेट चेसिसवर ठिबकत असतं. स्क्रूड्रायव्हर घेऊन बुशाभोवतीच्या पत्र्यावर ठोका. 'ठण' आवाज आला तर बरं. 'ठप' आला किंवा टोक आत गेलं तर पैसे आधी वेल्डिंगला ठेवा. कुजक्या पत्र्यात कंपनीचा बुश घातला तरी वॉशर वर्षभरात पत्रा फाडून वर येतो. आणि वेल्डिंग बुश बसवायच्या आधी, बॅटरीची वायर काढून. डिझेलचा पाइप कुठून गेलाय हे वेल्डरला स्वतः बोटानं दाखवा.

पत्रा ठीक आहे असं धरून पर्याय बघू.

कंपनीचं रबर सगळ्यात महाग वाटतं आणि बेळगावात मागून घ्यावं लागलं तर थांबायची तयारी हवी. निपाणीकडच्यांना कोल्हापूर जवळ, ते तिथल्या उद्यमनगरात चौकशी करतात. फायदा असा की उंची, कडकपणा आणि नळी तिन्ही मापात येतात. जागेप्रमाणे बुश वेगळे असू शकतात, पुढचा मागे लावून चालत नाही, त्यामुळे पार्टनंबर बघूनच घ्या. जुन्या मॉडेलचं पाकीट दुकानात किती वर्षं पडून आहे तेही बघा. रबर कपाटातसुद्धा म्हातारं होतं. नखानं दाबा, वाकवा. वाकवल्यावर बारीक भेगा उघडल्या तर परत द्या, छाप कुठलाही असो.

बाजारातलं दुसऱ्या छापाचं रबर निम्म्या-पाऊण किमतीत मिळतं. सरसकट वाईट नाही. मी पुढच्या जोडीला कंपनीचं आणि मागच्या जोडीला हे घातलं. चौदा महिन्यांनी मागचे थोडे बसलेत, पण चालतायत. यातली मेख नळीत असते. काही सेटमध्ये नळी येतच नाही, काहींत पातळ पत्र्याची गुंडाळलेली येते, ती आवळताना चेपते. असा सेट घेतला तर नळी लेथवर करून घ्या. भाग साधा आहे, बेळगावच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये कुणीही जाड पाइप मापात कापून देईल.

पीयू, म्हणजे पॉलीयुरेथेन, रबरासारखं टणक प्लास्टिक. पिवळा किंवा लाल, हातात घेतला की वजनदार आणि टणक. हौशी गाडीवाले याचं फार कौतुक करतात. डिझेल-ऑईलनं तो फुगत नाही, चपटा होत नाही, हे खरं. केबिनचं डोलणंही कमी होतं, स्टिअरिंग घट्ट वाटतं. पण तो रबरापेक्षा कडक असतो, आणि जुनं डिझेल इंजिन रिकाम्या फेऱ्यावर थरथरत असतं ती सगळी थरथर सीटपर्यंत येते. मित्राच्या गाडीत मी खानापूर ते बेळगाव, 26 किलोमीटर, बसून गेलो. टपावरचा दिवा, आरसा, डॅशबोर्डमधली चिल्लर, सगळं वाजत होतं. तो म्हणतो सवय होते. मला झाली नसती. शिवाय पीयूचे सगळे प्रकार सारखे नसतात. काही प्रकार सततच्या ओलीत हळूहळू खचतात, आणि दुकानदाराला आपण विकतोय तो कुठला हे बहुतेक वेळा माहीत नसतं. कोरड्या भागात, चांगल्या पत्र्यावर, कमी थरथरणाऱ्या इंजिनाला पीयू घालणाऱ्याशी मी वाद घालणार नाही. कणकुंबीच्या गाडीला घालू नका.

लेथवर करून घेण्याचा एक सापळा इथेच सांगतो, कारण मी त्यात पडलोय. बेळगावात फाउंड्री आणि मशीनशॉप इतके आहेत की आपल्याला प्रत्येक गोष्ट 'करून घेऊ की' असं वाटतं. मी जुना बुश नमुना म्हणून दिला, कारागिरानं पीयूच्या दांड्यातून त्याची हुबेहूब नक्कल करून दिली. फार सुंदर काम. घरी आल्यावर कंपनीच्या नव्या बुशाशेजारी ठेवला तर माझा सात मिलिमीटर बुटका! नमुनाच पंधरा वर्षं चेपलेला, मग नक्कल दुसरी कशी येणार? तसेच बसवले असते तर दार पुन्हा उचलूनच लावावं लागलं असतं. करूनच घ्यायचे असतील तर माप नव्या बुशाचं द्या.

आता पट्ट्याचे तुकडे. साखर कारखान्याचा कन्व्हेयर बेल्ट भंगारात स्वस्त मिळतो, त्याच्या चकत्या कापायच्या, मध्ये भोक पाडायचं, एकावर एक ठेवायच्या. काही जण जुन्या टायरच्याही कापतात. माझ्या नंदगडच्या मेव्हण्यानं हेच केलं आणि पहिले दोन महिने मला फोन करून चिडवत होता. बेल्टमध्ये कापडाचे थर असतात, तो ताण घ्यायला बनवलेला, दबून परत यायला नव्हे. केबिन चेसिसला जवळजवळ खिळल्यासारखी झाली. पावसाळ्यात थरांत पाणी शिरून ते सुटायला लागले आणि त्याच सुमारास पुढच्या काचेला खालच्या कोपऱ्यातून तडा गेला. दगड लागला नव्हता. चेसिसचा पीळ केबिनला पोचला की तो अशाच कोपऱ्यात बाहेर पडतो. काच, बसवणावळ आणि परत बुशाची मजुरी धरून त्याला कंपनीचा सेट दोनदा आला असता. आता फोन मी करतो.

हौद्याचा विचार मात्र वेगळा. हौदा बऱ्याच गाड्यांत यू-बोल्टनं आवळलेला असतो आणि खाली रबरी किंवा लाकडी पट्टी असते. तिथं बेल्टची पट्टी घातलीत तर मला हरकत नाही, माझ्याही गाडीत आहे. लोखंड लोखंडाला घासू नये एवढंच तिचं काम. केबिन आणि हौदा एकाच मापानं मोजल्यामुळे निम्मे घोळ होतात.

फक्त गेलेले बदलावे की सगळे? मेस्त्रीची मजुरी रबरावर ठरत नाही, बोल्ट सुटण्यावर ठरते. बुश स्वस्त असो की महाग, खोलायचं तेवढंच. म्हणून स्वस्त बुशात वाचलेले पैसे दुसऱ्यांदा खोलताना जातात. एक नवा उंच बुश आणि बाकी जुने चपटे असतील तर केबिन तिरकी बसते, दारांच्या फटी बिघडतात. पूर्ण सेटची ऐपत नसेल तर निदान डावी-उजवी जोडी एकदम बदला, सुरुवात पुढून.

स्वतः करायचं की गॅरेजला द्यायचं? सपाट काँक्रीटची जागा, चांगला जॅक आणि दोन सुट्टीचे दिवस असतील तर हे घरी होतं. दोन दिवस आधीपासून बोल्टांवर गंज सोडवायचं तेल सकाळ-संध्याकाळ मारा. मी उतावीळपणे पहिल्याच संध्याकाळी मेस्त्रीला बोलावलं. तो गाडीखालून ओरडला, "मालक, बोल्ट फिरालाय की नुसता!" आतल्या पेटीतला नट सुटून बोल्टाबरोबर फिरत होता. शेवटी केबिनमधलं मॅटिंग काढून वरून पत्र्याला खिडकी पाडावी लागली, नट धरला, बोल्ट कापला, खिडकी परत वेल्ड केली. त्या एका बोल्टात दुपार गेली. तुमच्या बोल्टांपैकी असा एक निघणारच असं धरून चाला, आणि ग्राइंडर-वेल्डिंग हाताशी नसेल तर सरळ गॅरेजला द्या. बोल्ट तापवायला गॅस लावायचा मोह आवरा. रबर पेट घेतं आणि शेजारी डिझेलचा पाइप असतो.

घरी करणार असाल तर दोन्ही बाजूंचे बोल्ट ढिले करा, पण पूर्ण काढा एकाच बाजूचे. जॅकवर लांब लाकडी ठोकळा ठेवून तो तळपत्र्याच्या मजबूत पट्टीखाली लावा. नुसता जॅक पत्र्यात घुसतो. जुना बुश निघून नवा शिरेल एवढंच उचला, इंच-दीड इंच पुरे. उचलताना दुसऱ्या माणसाला बॉनेटपाशी उभं करा. स्टिअरिंगचा दांडा, क्लच-ब्रेकचे पाइप, रेडिएटरचे होज, गिअरचा दांडा, अर्थिंगची वायर आणि पंखा, यातलं काही ताणलं जातंय असं तो म्हणाला की तिथंच थांबायचं. फटीत सुरक्षेसाठी लाकडाचे तुकडे ठेवल्याशिवाय बोटं आत घालू नका.

बसवताना उघडा पत्रा घासून रेड ऑक्साइड (गंज अडवणारा रंग) मारा, बोल्टाच्या आट्यांना ग्रीस लावा. रबराला मात्र ग्रीस लावू नका, ते फुगतं. काही लावायचंच तर साबणाचा फेस. सगळे बोल्ट हातानं लागल्यावरच, गाडी चाकांवर उभी करून, शेवटचं आवळा. नंतर पंखा हातानं फिरवून बघा, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवा. आठवड्याभराच्या फेऱ्या झाल्या की एकदा परत पाना लावा. माझ्या पुढच्या डाव्या बोल्टानं तेव्हा पाव फेरा आणखी घेतला, बाकी जागच्या जागी होते.