कूलरच्या मुंग्यांपासून गेटच्या दिव्यापर्यंत: एका वायरमनसोबतचे आठ महिने

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही कूलर काढला. ताट्यांमध्ये नवं गवत भरलं, पंप धुतला, टाकी भरली आणि दुसऱ्याच दिवशी सासूबाई म्हणाल्या, "अगं, याला हात लागला की मुंग्या येतात." मी मनावर घेतलं नाही. संध्याकाळी ओल्या हाताने पाणी किती उरलं ते बघायला गेले आणि कोपरापर्यंत सणक गेली. कूलरचा शॉक लागून माणूस दगावल्याच्या बातम्या इकडे विदर्भात दर उन्हाळ्यात येतात. त्या रात्री कूलर बंद ठेवून गच्चीवर झोपलो.

घर नागपुरात मानेवाड्याकडचं, सासऱ्यांनी १९८८ साली बांधलेलं. वरचा मजला २००५ मध्ये चढला तेव्हा दुसऱ्या वायरमनने वायरिंग केलं, पुढे इन्व्हर्टर आला तेव्हा तिसऱ्याने. म्हणजे एकाच वहीत तीन माणसांची तीन अक्षरं. मी पतसंस्थेत हिशेब बघते, अशी वही समोर आली की माझं डोकं दुखतं.

आधी चौकातल्या दुकानातून एक मुलगा आला. कूलरच्या वायरला दोन पिनांचा प्लग होता, त्याने तो फिरवून लावला. मुंग्या खरंच कमी झाल्या. दीडशे रुपये घेतले आणि जाताना सांगितलं, "लाकडी पाटावर उभं राहत जा." प्लग कसा बसला त्यावर कूलरच्या पत्र्यात किती करंट उतरतो हे बदलतं, गळती मात्र तशीच राहते, हे मला नंतर कळलं.

मग शेजारच्या काकूंनी त्यांच्याकडे नेहमी येणाऱ्या वायरमनचा नंबर दिला. पन्नाशीचे गृहस्थ, आयटीआय झालेले, पाकिटात लॅमिनेट केलेला राज्य शासनाचा वायरमन परवाना. मी मागितला नव्हता, त्यांनीच दाखवला. आता या आठ महिन्यांत त्यांना सहा वेळा बोलावून झालं आहे, म्हणून हे लिहायला बसले.

आल्या आल्या त्यांनी कूलरला हातच लावला नाही. पिशवीतून एक होल्डर काढला, त्यात १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब, त्याला दोन वायरी. एक टोक फेजला, म्हणजे करंट येतो त्या वायरीला, दुसरं न्यूट्रलला, म्हणजे तो परत जातो त्या वायरीला लावलं. बल्ब लख्ख. मग न्यूट्रलवरचं टोक काढून बोर्डातल्या वरच्या मोठ्या भोकात, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणाऱ्या अर्थिंगच्या, घातलं. बल्बची तार फक्त लालसर झाली, विझू घातलेल्या उदबत्तीएवढी. "ताई, अर्थिंगच नाही ना जी तुमच्या घरी. भोक आहे, वायर आहे, जमिनीत काहीच नाही."

शोधल्यावर सापडलं. अर्थिंगचा खड्डा मागच्या बोळात होता, त्यावर आम्हीच काही वर्षांपूर्वी पेव्हर ब्लॉक टाकून घेतलेले. चार ब्लॉक उचलले तर पाइपला जोडलेली तार हातात आली, गंजून तुटलेली. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खड्डा कोरडा पडला की असलेलं अर्थिंगही कमजोर होतं. त्यासाठी वरून पाणी घालायला तोंड ठेवावं लागतं, आम्ही ते फरशीखाली गाडलं होतं. नवा पाइप, कोळसा, मीठ, नवी तार आणि वर उघडता येईल असं झाकण, असं एका दिवसात झालं. पुन्हा तोच बल्ब लावला, तर अर्थिंगवरही लख्ख. कूलरला तीन पिनांचा प्लग आणि पत्र्याला हिरवी वायर आली.

त्यानंतर त्यांनी आरसीसीबीचा, म्हणजे गळती झाली की लाईन तोडणाऱ्या खटक्याचा, विषय काढला. मी म्हटलं, डीबीत, म्हणजे मीटरनंतरच्या खटक्यांच्या पेटीत, एमसीबी आहेत ना एवढ्या? त्यांनी जे सांगितलं ते माझ्या भाषेत असं. एमसीबी फक्त खर्च जास्त होतोय का ते बघते. १६ अँपिअरची एमसीबी तेवढ्यावर गेल्याशिवाय हलत नाही, आणि १६ अँपिअर म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. माणसाच्या जिवाला धोका त्याच्या कितीतरी खाली सुरू होतो. आरसीसीबी ताळेबंद बघते. फेजवरून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलवरून परत आला पाहिजे. ३० मिलिअँपिअरची तफावत झाली की सेकंदाच्या अंशात लाईन तोडते, कारण ती तफावत कुठूनतरी जमिनीत जातेय, कदाचित माणसातून. अर्थिंग नसताना नुसती आरसीसीबी लावली तरी चालते, पण मग गळणाऱ्या कूलरला कुणीतरी हात लावेपर्यंत तिला पत्ता लागत नाही. अर्थिंग असेल तर हात लागायच्या आधीच पडते. आणि एका हातात फेज, दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला तर तीही काही करू शकत नाही, तिच्या दृष्टीने हिशेब जुळलेलाच असतो.

४० अँपिअर, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी मीच दुकानातून आणली, दोन हजारांच्या थोडी वर गेली. बसवली. हॉलचा दिवा लावला, खटकन पडली. पुन्हा वर केली, दिवा लावला, पुन्हा खटकन.

इथे त्यांचा दीड दिवस गेला, आणि माझ्या मते त्यांची खरी किंमत इथेच कळली. हॉलच्या दिव्यांचा फेज इन्व्हर्टरमधून येत होता, पण न्यूट्रल कुण्या काळी वायर वाचवायला थेट मीटरपाशी जोडलेला. जाताना आरसीसीबीतून, येताना दुसऱ्याच रस्त्याने. ताळेबंद कसा जुळणार? वरच्या मजल्यावरही एका खोलीने दुसऱ्या खोलीचा न्यूट्रल उसना घेतलेला. त्यांनी एकेक बोर्ड उघडला, प्रत्येक काळ्या वायरीवर पांढऱ्या टेपने आकडा लिहिला, न्यूट्रल वेगळे केले. मी टॉर्च धरून उभी. एका बोर्डात पाल वाळून बसली होती. मधल्या वेळात खाली कढी झाली, भात झाला, त्यांचा डबा उघडायचा राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी हॉलचा दिवा लागला आणि आरसीसीबी वरच राहिली. जुळवणी जुळल्यावर आमच्या ऑफिसात जी शांतता पसरते ना, अगदी तशी.

पैशांचं सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. अर्थिंग आणि न्यूट्रलच्या कामाचे त्यांनी रोजीने घेतले, स्वतःचे दिवसाला नऊशे आणि मदतनिसाचे पाचशे. सामान मी आणलं. पॉइंटच्या, म्हणजे दर दिव्या-सॉकेटमागे इतके अशा हिशेबाने ठरवा असं मला दोघांनी सुचवलं होतं. नव्या घराच्या वायरिंगला ते ठीक आहे, पण बिघाड शोधायचा असेल तर पॉइंटचा भाव निरर्थक. दीड दिवसात त्यांनी एकही नवा पॉइंट काढला नाही. नुसतं येऊन बघायचे दोनशे घेतात, काम निघालं तर ते त्यात वळते करतात.

मे महिन्यात एका संध्याकाळी, बाहेर पंचेचाळीसची झळ अजून उतरली नव्हती, आमच्या ट्यूब मंद झाल्या आणि समोरच्या घरी बल्ब डोळे दिपतील असा लागला. फोन केला तर म्हणाले, "आधी फ्रिज अन् टीव्हीचे प्लग काढा. खांबावरचा न्यूट्रल ढिला झालेला दिसून राहिला. ते आपलं काम नाही, वीज कंपनीला १९१२ वर सांगा." मी २३० व्होल्टच्या जगात राहते असं समजत होते. न्यूट्रल सुटला की व्होल्टेज कुणाच्या घरी त्याहून खूप कमी होतं आणि कुणाच्या घरी ४०० च्या जवळ जाऊ शकतं. लाईनमन आले, खांबावरचा जॉईंट घट्ट केला. आमचे वायरमन खांबावर चढले नाहीत याचं मला कौतुक आहे, चढणारे भेटतात.

एसीच्या सॉकेटचं काम त्यांनी तासाभरात उरकलं. खालची एक पिन काळी पडली होती, बोर्डाजवळ मासळीसारखा वास येत होता. ढिली पकड, त्यात जुनी बारीक वायर. डीबीपासून ४ चौरस एमएमची वेगळी वायर ओढली, सॉकेट बदललं.

पंख्याच्या बाबतीत मात्र ते चुकले. बेडरूमचा पंखा हळू फिरायचा. त्यांनी ऐकूनच कंडेन्सर बदलला, दोन दिवस बरा चालला, मग घरघर सुरू. बेअरिंग गेलं होतं. कंडेन्सरचे पैसे परत देऊ केले, मी घेतले नाहीत, पण हात लावून फिरवून बघितलं असतं तर कळलं असतं.

जुलैत रात्री दोन वाजता, धो धो पावसात, सगळं घर काळोखात. आरसीसीबी पडलेली. त्यांनीच सांगून ठेवलं होतं तसं केलं: सगळ्या एमसीबी खाली, आरसीसीबी वर, मग एकेक एमसीबी वर. पाचवीला खटका बसला. मी मार्करने लिहून चिकटवलं होतं, "गेट, बोळ". तेवढी खाली ठेवून झोपलो. सकाळी गेटच्या दिव्याच्या काचेत अर्धा पेला पाणी आणि मुंग्यांचं वारूळ निघालं.

खरी गंमत पोळ्याला झाली. आमचे वायरमन काटोलकडे गावी गेलेले, तान्ह्या पोळ्यानंतरच येणार होते, आणि आरसीसीबी पुन्हा पडायला लागली. या वेळी सगळ्या एमसीबी खाली असतानाही पडायची, माझी युक्ती संपली. आणखी एकाला बोलावलं. त्याने दहा मिनिटांत लाईट आणून दिली. "आरसीसीबी खराब होती मॅडम." तीनशे रुपये. मीही खूश. दर महिन्याच्या एक तारखेला मी आरसीसीबीवरचं छोटं टेस्टचं बटण दाबते, तशी सवय लावून घेतली आहे. एक तारखेला दाबलं, काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं, नाही. झाकण उघडून बघितलं तर त्या पठ्ठ्याने तिच्या दोन्ही वायरी काढून थेट पुढे जोडल्या होत्या. आरसीसीबी डीबीत नुसती शोभेला. बारा दिवस आम्ही तसेच राहिलो, सासूबाईंच्या हाताखाली कूलर नव्हता, पण वॉशिंग मशीन होतं.

आमचे वायरमन परतले ते मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन शाबूत आहे का ते मोजायचं यंत्र, घेऊन. एमसीबी फक्त फेज तोडते, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, आणि तो कुठे जमिनीला टेकला तर सगळ्या एमसीबी खाली ठेवूनही उपयोग नाही, हे त्यांनी तेव्हा समजावलं. एकेक न्यूट्रल सोडवून मेगर लावत गेले. बाकी सगळीकडे काटा चांगला चढत होता, एका जोडीवर शून्याजवळच बसला. ती संपमधल्या, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीतल्या, मोटारीची. केबलचा जोड काळ्या टेपने गुंडाळून पाण्यात सोडलेला, टेपखाली पाणी शिरलं होतं. आम्ही त्याच संपात हात घालून बादली बुडवायचो. मी काही बोलले नाही. अखंड केबल टाकली, आरसीसीबी पुन्हा जागेवर बसली, बटण दाबलं, खटकन.

त्यांच्या खोडीही लिहायला हव्यात. "आलोच" म्हणजे दोन तास. बिल देत नाहीत, मीच वहीत लिहून सही घेते. फोन दुपारी बंद. आणि डीबीवर कुठली एमसीबी कशाची हे लिहायचं त्यांना कधीच सुचलं नाही.

गेल्या आठवड्यात गीझर सुरू केला. त्याआधी त्यांनी येऊन एलिमेंटवर मेगर धरून बघितला, ठीक आहे म्हणाले. चहा घेताना हॉलमधल्या भिंतीकडे बोट दाखवलं मी. न्यूट्रल वेगळे करताना फोडलेली तीन भोकं अजून तशीच आहेत. दिवाळीच्या आधी बुजवतो म्हणाले होते.