ऑटो क्लायमेट कंट्रोल: १० महिने, १४ हजार किमी, अमरावतीच्या उन्हात

गेल्या गुढीपाडव्याला गाडी घेतली. १.२ लिटर पेट्रोल, मॅन्युअल गिअर, हॅचबॅक. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर बोलणं कंपनीवर जातं आणि एसी राहतो बाजूला. मधल्या मॉडेलला साधा गोल नॉबवाला एसी होता, ऑटो (म्हणजे आकडा लावून दिला की तेवढं तापमान स्वतःच सांभाळणारा) पाहिजे तर वरचं मॉडेल घ्या असं शोरूमवाल्याचं म्हणणं, फरक लाखाच्या आसपास, त्यात अलॉय व्हील आणि मोठा स्क्रीन पण आला पण खरं सांगतो मी पैसे एसीसाठीच मोजले. जुनी गाडी नऊ वर्षं चालवली, त्यात मे महिन्यात नागपूरला जाताना एक हात स्टिअरिंगवर आणि एक हात नॉबवर असं चालायचं.

पहिले दोन महिने मात्र वैताग आला. सकाळी एकदम मस्त, पण दुपारी चार वाजता नागपूरहून परत निघालो की सूर्य थेट समोरच्या काचेतून तोंडावर, स्क्रीनवर २४ दिसतंय, पंखा आरामात दोनवर फिरतोय आणि मी घामाघूम. बाबा शेजारून, "अरे चोवीस काय ठेवतो, सोळा कर ना!" सोळा केलं की वीस मिनिटात मागे आई पदर डोक्यावरून घेऊन बसायची. म्हणजे ऑटो घेऊन पुन्हा हातानेच खेळ चालू, मग लाखभर रुपये कशाला घातले असं झालं.

नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपता संपता एका लग्नात गाडीत बसून वाट बघत होतो, टाइमपास म्हणून मॅन्युअल उघडलं आणि कपाळावर हात मारला. समोरच्या काचेच्या बुडाशी डॅशबोर्डवर एक छोटा काळा मणी असतो, तो ऊन मोजणारा सेन्सर. आतलं तापमान मोजणारा वेगळा, तो स्टिअरिंगजवळच्या बारीक जाळीच्या मागे, बाहेरचं मोजणारा पुढच्या बंपरच्या आत. या सगळ्यांचं ऐकून ती सिस्टीम ठरवते की पंखा किती, थंड हवेत गरम किती मिसळायची, हवा कुठून सोडायची. आणि आमच्या गाडीत त्या काळ्या मण्यावर काय होतं? डॅशबोर्ड उन्हाने तडकू नये म्हणून घेतलेलं मखमली मॅट आणि त्याच्यावर शोरूमच्या पूजेपासून बसलेले गणपती बाप्पा. सिस्टीमला वाटत होतं बाहेर ढगाळ आहे! वरून जाळीच्या तोंडाशी मोबाईलचा होल्डर, म्हणजे आतल्या सेन्सरचंही नाक दाबलेलं.

मॅट काढलं, बाप्पांना डावीकडे सरकवलं, होल्डर हलवला. त्याच आठवड्यात पुन्हा तोच रस्ता, तीच चारची वेळ, तोच २४. यावेळी ऊन समोर आलं तसा पंखा आपोआप वाढला, मध्ये ढग आला तर हळू झाला. बाबांनी सोळा म्हटलंच नाही. (म्हणजे बोरगावच्या पुढे झोप लागली होती त्यांना, पण मी तो माझाच विजय धरला.) काही स्वस्त गाड्यांत हा उन्हाचा सेन्सर नसतोच आणि तरी ऑटो नाव लावतात, घेण्याआधी काचेखाली एकदा बघून घ्या.

आता सोळा-चोवीसचं. उन्हात तीन तास उभी राहिलेली गाडी आत पन्नासच्या पुढे तापते. अशा वेळी ऑटोत १८ ठेवा नाहीतर २४, सुरुवातीला एसी फुल ताकदीनेच चालतो, दोन्हीत सारखाच. १८ ने गाडी लवकर थंड होत नाही, फक्त थंड झाल्यावर थांबत नाही आणि मग मागच्यांना हुडहुडी. मी आता आधी चारही काचा खाली करून पाचशे मीटर जातो, तापलेली हवा बाहेर काढतो, मग काचा बंद, ऑटो, २४ आणि हात लांब. काळी फिल्म लावा म्हणणारे भेटतात, पण ती २०१२ मध्येच सुप्रीम कोर्टाने बंद केली आहे, त्यामुळे तो विषय नको.

परफॉर्मन्सचं सगळेच विचारतात म्हणून जरा सविस्तर. एसीचा कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून गारवा करणारा पंप, इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, जोरात चालत असेल तेव्हा तीन-चार हॉर्सपॉवर सहज घेतो. कागदावर गाडीची ताकद ऐंशीच्या वर, मग तीन-चारने काय बिघडतं? बिघडतं, कारण ती ऐंशी सहा हजार आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे) असते, घाटात तुम्ही दोन हजारवर असता तेव्हा हातात तीसच्या आसपास असते आणि त्यातली चार गेली की कळते. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना पाच माणसं, डिकीत सामान, दुसरा गिअर, वळणावर समोर एसटी आली, पुन्हा शून्यातून उचलायची, तिथे गाडी अक्षरशः कण्हते. पाय पूर्ण दाबला की कॉम्प्युटर काही सेकंद कॉम्प्रेसर बंद करतो आणि हवा कोमट येते, पहिल्यांदा मला वाटलं एसी गेला. ही सोय साध्या एसीलाही असते. ऑटोचा तोटा हा की घाट आहे हे त्याला माहीतच नाही, त्याला फक्त २४ दिसतंय, तो तापमान गाठायला जीव टाकतो. तुम्हीच ए/सी बटण दाबून बंद करायचं. चिखलदऱ्याला तर अर्ध्या घाटानंतर काचा उघडल्या तरी चालतं, हजार मीटरवर मे महिन्यातही हवा बरी असते. सपाट रस्त्यावर समृद्धीला शंभरच्या स्पीडला एसी चालू आहे की बंद हे मला पायाला जाणवत नाही.

मायलेज, टाकी फुल ते टाकी फुल असं मोजलेलं: मे महिन्यात गावात साडेबारा, डिसेंबरमध्ये गावात एसी बंद ठेवून पंधरा. हायवेला एसीसकट साडेअठरा, एसी बंद करून हिवाळ्यात एकोणीसच्या थोडं वर. म्हणजे मार बसतो तो गावात, राजकमल चौकाच्या ट्रॅफिकमध्ये. आणि २२ चं २५ केल्याने पेट्रोल वाचतं म्हणतात, मला काही फरक सापडला नाही. माझ्या गाडीचा कॉम्प्रेसर साधा चालू-बंद होणारा आहे, तो हवा आधी पूर्ण थंड करतो आणि नंतर त्यात हिटरची गरम हवा मिसळून तुमचं २५ बनवतो, वाचणार काय त्यात.

एक गोष्ट जपून. कडक उन्हात ऑटो स्वतःच आतली हवा आतच फिरवायला लागतो, थंड लवकर होतं म्हणून. पण समृद्धीवर चार माणसं, काचा बंद, तास-दीड तास तीच हवा, श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठतो आणि सगळ्यांना जांभया. रस्ता सरळ, करायला काही नाही, त्यात ही गुंगी. दर अर्ध्या तासाने मी बाहेरच्या हवेचं बटण पाच मिनिटं दाबतो. गाडी थोडी तापते, बायकोला आवडत नाही, पण डोळे उघडे राहतात.

पैसे खरे वसूल झाले ते पावसाळ्यात, जे घेताना डोक्यातही नव्हतं. जुलैत कोल्हापूरहून रत्नागिरीला आंबा घाटाने गेलो. वर गारवा म्हणून मी शहाणपणाने एसी बंद केला, पाच मिनिटात काच आतून पांढरी. डिफॉगर दाबला की एसी आपोआप चालू, बाहेरची हवा, सगळा झोत काचेवर, अर्ध्या मिनिटात स्वच्छ. एसी थंड करता करता हवेतलं पाणी काढतो, काच त्यानेच सुकते. पण मी तो झोत तसाच थंड ठेवून घाट उतरलो आणि खाली साखरप्याला कोकणातली दमट उबदार हवा लागली तशी काच बाहेरून धुकटली. आतून फडक्याने पुसतोय, काही होत नाही! वायपर मारला तर गेलं आणि परत आलं. शेवटी तापमान २७ केलं, झोत काचेवरून काढून पायाकडे घेतला तेव्हा थांबलं. आतून धुकं तर एसी चालू, बाहेरून धुकं तर वायपर मारा आणि काच थंड करणं थांबवा, एवढं पाठ करा.

थंडीत सकाळी ऑटोवर पंखा फिरतच नाही असं वाटतं, ती खराबी नाही, इंजिनचं पाणी गरम होईपर्यंत तो मुद्दाम थांबतो. बाकी हिटर इंजिनच्या फुकटच्या उष्णतेवर चालतो, ए/सी बटण बंद करून वापरा.

दिवाळीनंतर कूलिंग कमी वाटलं. एका वर्कशॉपमध्ये नेली, त्यांनी डिस्प्ले बघितला आणि गॅस भरावा लागेल म्हणाले. सात-आठ महिन्यांच्या गाडीत? ती सिस्टीम बंद असते, गॅस कमी झाला असेल तर कुठूनतरी गळतोय, ते आधी दाखवा म्हटलं तर उत्तर नाही. घरी येऊन ग्लोव्ह बॉक्स काढला, मागचा केबिन फिल्टर (आत येणारी हवा गाळणारा) ओढला तर त्यात कडुनिंबाची पानं, धूळ आणि कापसाचे तंतू असे बसलेले की उजेड पलीकडे जाईना. सीझनला कापसाच्या गाड्यांच्या मागे चालतो ना आपण. नवीन फिल्टर टाकला, दहा मिनिटांचं काम, झोत पहिल्यासारखा. ऑटो असल्याने हे उशिरा कळलं, कारण फिल्टर तुंबत गेला तसा तो मुकाट्याने पंखा वाढवत राहिला, साध्या एसीत हाताला आधीच कळलं असतं.

आता महाशिवरात्र झाली की ऊन चढेल. मॅट आईने कपाटात घडी करून ठेवलंय, तिला अजून वाटतं डॅशबोर्ड तडकणार. बाप्पा डावीकडेच आहेत, बाबांच्या समोर, आणि बाबा बसल्या बसल्या आधी त्यांना नमस्कार करतात, मग हात सोळाच्या बटणाकडे जातो.