दयाळ आणि निलगिरी: कोण कुठल्या कुळातलं, आणि धोका कोणाला?

पुण्यात उन्हाळ्याच्या तोंडावर पहाटे टीव्हीच्या अँटेनावर शेपटी ताठ उभारून शीळ घालणारा काळा-पांढरा पक्षी म्हणजे दयाळ नर. मादी काळ्याऐवजी राखाडी. लिनियसने 1758 मध्ये नोंदवलेला, शास्त्रीय नाव कॉप्सिकस सॉलॅरिस. गण पॅसेरिफॉर्मिस, म्हणजे चिमणी-कावळ्याचाच. कुळाबाबत मात्र घोळ होता: आधी कस्तुर पक्ष्यांत धरायचे, आता माशीमारांच्या मस्किकॅपिडी कुळात टाकलाय.

निलगिरी तर वनस्पतीसृष्टीतली, तेव्हा दोघांचं नातं फार लांबचं. पण तिचे नातेवाईक आपल्या ओळखीचे आहेत. कुळ मिर्टेसी, म्हणजे जांभूळ, पेरू आणि लवंग ही तिची भावंडं! पान चुरगळून वास घ्या. पेरूचं पानही असंच चुरगळून बघा, दोन्हींत तेलाच्या ग्रंथी असतात. निलगिरीच्या युकॅलिप्टस वंशात सातशेच्या आसपास जाती आहेत; त्यातली तेलासाठी प्रसिद्ध ग्लोब्युलस मूळची टास्मानिया आणि आग्नेय ऑस्ट्रेलियातली. आपल्या मैदानी भागात सहसा दुसऱ्याच जाती लावलेल्या असतात.

आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या, कोणत्या जातीला किती धोका आहे ते सांगणाऱ्या लाल यादीत दयाळ आणि ग्लोब्युलस दोन्ही ‘लीस्ट कन्सर्न’, म्हणजे सध्या चिंता नाही. कागदावर बरोबरी, पण मला ती फसवी वाटते. ही श्रेणी सबंध जगाचा हिशेब मांडते. गाण्यापायी दयाळ पिंजऱ्यात जातो. सिंगापूरमध्ये तो एकेकाळी जवळजवळ संपला होता. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला पकडायला बंदी आहे. निलगिरी मात्र माणूस स्वतःहून देशोदेशी लावत सुटलाय.