रात्री निघावं की पहाटे? बेळगाव ते डोंबिवली, दोन वर्षांची लेक आणि चालवणारा एकटा

बेळगावहून मुंबईकडे गाडीनं जायचं म्हटलं की घरातली निम्मी माणसं ‘रात्रीच निघा’ म्हणतात आणि निम्मी ‘पहाटे निघा’. पोर लहान असलं की पहिल्या गटाचा आवाज चढतो. आमच्या आईचं तर ठरलेलंच असतं, “पोरगी झोपतीया गाडीत, रात्रीच जावा की!”

टिळकवाडी ते डोंबिवली हा जवळपास ५०० किलोमीटरचा रस्ता आम्ही लेकीला घेऊन पाच वेळा केलाय. दोनदा रात्री, तीनदा पहाटे. बायकोकडे लायसन्स आहे, पण हायवेवर तिचा हात अजून बसलेला नाही. त्यामुळे स्टिअरिंगवर कायम मीच. पुढचं सगळं या एका गोष्टीवर बेतलेलं आहे. तुमच्याकडे चालवणारे दोघं असतील, तर माझं मत बाजूला ठेवलंत तरी हरकत नाही. आणि पुण्यापर्यंतच जायचं असेल, तिथं गाडीची गरज नसेल, तर २०२४ पासून बेळगाववरून जाणारी हुबळी–पुणे वंदे भारत आधी बघा.

रात्रीच्या प्रवासाच्या बाजूनं बोलण्यासारखं खरंच खूप आहे. साडेनऊला मऊ भात भरवून, कपडे बदलून लेकीला सीटवर बांधलं की वंटमुरीचा घाट उतरेपर्यंत ती झोपते. मग ना खाणं, ना ‘खाली उतरायचं’ म्हणून रडणं. ऊन नाही. निपाणी, कागल, शिरोली इथं दिवसा उलट्या बाजूनं येणाऱ्या दुचाकी रात्री अगदी तुरळक. टोलवर रांग नाही. रजेचा दिवसही वाचतो, शुक्रवारी काम संपवून निघालं की शनिवारी सकाळी बहिणीच्या दारात. पहिल्यांदा आम्ही असेच गेलो आणि सहाच्या आत पोचलो. लेकीनं सातारा ओलांडल्यावर एकदाच डोळे उघडले, पाणी प्याली आणि परत झोपली. घरी फोन करून मी आईला सांगितलंही, तुझंच खरं होतं.

पण त्या रस्त्यावर कुठल्या वेळी कुठं असतो, हे मी नंतर कागदावर मांडलं. साडेनऊला निघालं तर निपाणी अकराच्या सुमारास, कोल्हापूर बाराच्या आत, कराड एक-सव्वाला. खंबाटकीचा बोगदा अडीचच्या आसपास आणि कात्रजच्या नव्या बोगद्यानंतरचा, नवले पुलाकडे जाणारा उतार बरोबर तीन-साडेतीनला. माणसाचं शरीर सगळ्यात जास्त झोप मागतं ते रात्री दोन ते पहाटे पाच-सहाच्या दरम्यान. या रस्त्यावरचा सगळ्यात अपघाती उतार नेमका त्याच वेळात येतो. माल भरलेले ट्रक तिथं वेगात खाली येत असतात. मागून त्यांचे दिवे आरशात दिसत असताना आपले डोळे जड झालेले असणं हे मी दोनदा अनुभवलंय. तिसऱ्यांदा अनुभवायचं नाही.

हंगामात आणखी एक भर पडते. साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत संकेश्वर, निपाणी, कागल ते थेट कराडपर्यंत ऊस रस्त्यावर असतो. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, वर बाहेर आलेली उसाची मोळी आणि मागं लाल दिवा असेलच याची खात्री नाही. कागल ते सातारा सहापदरीकरणाचं काम सुरू झाल्यापासून ठिकठिकाणी सेवा रस्त्यावर वळावं लागतं आणि आधीच्या खेपेला सरळ असलेली लेन या खेपेला बंद असते. दुसऱ्या रात्रीच्या प्रवासात कागल ओलांडल्यावर अशाच एका वळणावर अंधारात उसाची ट्रॉली एकदम समोर उभी राहिली. मला दिसली ती बायकोला दिसल्यावर. ती ओरडली म्हणून ब्रेक वेळेत लागला. लेकीला जागही आली नाही.

इथंच एक अडचण लक्षात आली, जी एरवी कुणी सांगत नाही. रात्री बायको पुढं माझ्या शेजारी बसायला हवी, बोलत राहायला हवी, रस्ता बघायला हवा. ती मागं लेकीजवळ बसली आणि डोळा लागला, तर पुढं मी एकटाच जागा. म्हणजे मूल झोपलंय म्हणून सोपा वाटणारा प्रवास दोन मोठ्या माणसांना रात्रभर जागं ठेवतो. दिवसा उलट होतं. ती मागं बसून लेकीला सांभाळते, गोष्टी सांगते, पोहे भरवते आणि माझी तिला काळजी करावी लागत नाही, कारण मी झोपून उठलेला असतो.

मी निर्णय बदलला तो मात्र रस्त्यावरच्या कशामुळं नाही. पोचल्यानंतरच्या सकाळमुळं.

सहाला पोचलो, साडेसहाला लेक उठली. आठ-नऊ तास गाढ झोपून उठलेलं दोन वर्षांचं मूल, नवं घर, नवे जिने, गॅलरी, हाताला येतील असे कपाटाचे दरवाजे. तिला सगळं बघायचं होतं, ते बरोबरच होतं. आम्हा दोघांच्या डोळ्यांत मात्र झोप भरलेली. बहिणीला आणि मेहुण्यांना कामाला जायचं होतं. ‘एक तास तू झोप, मग मी’ असं आम्ही ठरवलं. बायको आडवी झाली, मी हॉलमध्ये भिंतीला टेकून लेकीकडं बघत बसलो. डोळे कधी मिटले ते कळलं नाही. उघडले तेव्हा ती समोर नव्हती. न्हाणीघरात भरून ठेवलेल्या बादलीच्या काठाला धरून, टाचा वर करून, ती पाण्यात हात घालायला वाकली होती. काही झालं नाही. पाच मिनिटं जरी उशीर झाला असता तर, हे वाक्य मी अजून पूर्ण करत नाही.

दोन चालक असते तर एक रात्री गाडीत झोपला असता आणि सकाळी तोच मुलाकडं बघू शकला असता. एकच चालवणारा असेल तर रात्रीचा सगळा थकवा दुसऱ्या दिवशी मुलाच्या वाट्याला येतो. गाडीत मूल शांत राहावं म्हणून आपण रात्र निवडतो आणि ते जागं असतानाचा पूर्ण दिवस त्याला दोन अर्धवट झोपेतली माणसं देतो. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझं डोकं दुखत होतं, लेक चिडचिडी झाली होती आणि ज्या बारशासाठी गेलो होतो त्यात आम्ही कुणाशी धड बोललो नाही. हा अनुभव माझा आहे, सगळ्यांचा असा नसेल. बहिणीकडं आजी-आजोबा असते, कुणी सकाळी मुलीला तीन तास घेतलं असतं, तर कदाचित मी अजूनही रात्रीच निघालो असतो.

आता पहाटेचं. ‘पहाटे निघायचं’ म्हणजे साडेचारला निघून एका दमात डोंबिवली गाठायची, असं मी म्हणत नाही. तेही एकदा करून बघितलं. पुण्यापर्यंत छान जातं. नंतर दुपारी दोन ते चारचा वेळ येतो, जेव्हा मूलही पेंगतं आणि आपणही. ‘मूल झोपलं की गाडी हाणा’ हा सल्ला सगळे देतात, पण मुलाच्या झोपेची वेळ आणि चालकाच्या पेंगण्याची वेळ बऱ्याचदा एकच असते. एकट्या चालकानं आधी स्वतःची झोप धरून वेळापत्रक लावावं, मुलाची नंतर. म्हणून आम्ही पुण्यात एक मुक्काम घेतो.

दिवस असा जातो. आदल्या संध्याकाळी आठला सामान गाडीत. नऊला लेकीबरोबर मीही झोपतो. (हे जमणार नसेल तर साडेचारचा हट्ट नको, साडेपाचला निघा. न झोपता पहाटे निघणं म्हणजे रात्रीचाच प्रवास.) साडेचारला झोपलेली लेक उचलून सीटवर. ती कोल्हापूर येईपर्यंत झोपते, म्हणजे रात्रीच्या प्रवासाचा फायदा दोन तास तरी मिळतोच. कोगनोळीच्या आसपास फटफटायला लागतं. किणी ते पेठ नाका या पट्ट्यात कुठंतरी इडली आणि चहा. तिखट सांबार तिला चालत नाही, म्हणून डब्यात मेतकूट-भात आणि साजूक तूप घरूनच असतं.

मग कराड. हायवे सोडून थोडं आत गेलं की प्रीतिसंगमाची बाग आहे, कृष्णा आणि कोयना मिळतात तिथं. पाऊण तास लेक तिथं गवतावर धावते. हा पाऊण तास वाचवावासा वाटतो, कारण रस्ता मोकळा असतो आणि गाडीनं वेग धरलेला असतो. वाचवू नका. एकदा वाचवला आणि साताऱ्यापुढं ती सीटच्या पट्ट्यांतून कमान करून रडायला लागली. खंबाटकीच्या अलीकडं गाडी थांबवावी लागली, तेही धड सावली नसलेल्या जागी. दोन तासांच्या आत एकदा उतरवायचं, हा आमच्याकडं आता नियम आहे. कोल्हापूरच्या अलीकडं कणेरी मठाला उतरणंही चांगलं. तिथल्या ग्रामजीवन संग्रहालयातली माणसाएवढी शिल्पं आणि बैल लेकीला फार आवडले. पण पहाटे निघालात तर त्या वेळी ते बंद असतं, ते परतीला ठेवा.

बारा-साडेबारापर्यंत पुणे. आम्ही शहरात शिरत नाही, बायपासनं सरळ वाकडच्या बाजूला जातो आणि तिकडंच खोली घेतो. जेवून एकच्या सुमारास लेक झोपते, मीही झोपतो. ज्या दोन तासांत गाडी चालवणं धोक्याचं, ते अंथरुणात जातात. दुसऱ्या दिवशी साडेपाचला निघालं की किवळ्याला एक्सप्रेसवे सुरू होतो. घाट उतरून कळंबोली, तिथून शिळफाट्याची गर्दी व्हायच्या आत डोंबिवली. आठला लेक बहिणीच्या घरात, आणि आम्ही दोघं तिच्यामागं धावायला पुरेसे जागे.

याची किंमत आहे, ती लपवत नाही. एका रात्रीचं लॉजचं भाडं जातं आणि रजेचा एक दिवसही जातो. खोली घेताना न्हाणीघर आणि खिडक्या स्वतः बघाव्या लागतात. एका ठिकाणी गरम पाणी आहे म्हणून सांगितलं आणि बादलीभर पाण्यासाठी तासभर थांबावं लागलं. सकाळी सात ते बारा लेक जागी असते, त्या पाच तासांत बायकोची कसोटी लागते. त्यामुळे मुक्कामाचं ओझं ज्यांना वाटतं त्यांना मी चुकीचं म्हणणार नाही. आणि जायचं फक्त सातारा-पुण्यापर्यंत असेल तर हा प्रश्नच येत नाही, पहाटे निघा आणि दुपारच्या आत पोचा.

हिवाळ्यात पहाटेला एक अडचण येते. डिसेंबर-जानेवारीत हिरण्यकेशी, वेदगंगा, पंचगंगा, वारणा, कृष्णा अशा सगळ्या नद्यांच्या काठानं धुकं बसतं. त्या दोन महिन्यांत मी सहानंतर निघतो. पावसाळ्यात मात्र तोल पुरता दिवसाकडं झुकतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात हाच महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला होता. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. जुलै-ऑगस्टमध्ये निघायच्या आदल्या दिवशी हा आकडा बघूनच मी ठरवतो. अंधारात लहान मुलासह गाड्यांच्या रांगेत अडकण्यापेक्षा उजेडात निपाणीहून माघारी फिरणं सोपं.

शेवटचं, सीटच्या जागेबद्दल. लेकीची सीट आम्ही मागं डावीकडं बसवलीय, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या बाजूनं तिला उतरवता येतं. जाताना गाडीचं तोंड उत्तरेला असतं, सकाळचं ऊन उजवीकडून येतं आणि ती सावलीत बसते. दुपारनंतर तेच ऊन तिच्या अंगावर आलं असतं, पण तोवर आम्ही खोलीत असतो. परतीला हे उलटतं. डोंबिवलीहून पहाटे निघून साताऱ्याकडं येईपर्यंत डावीकडून ऊन थेट तिच्या तोंडावर येतं. तिथं काचेला लावायची जाळी पुरत नाही, म्हणून बायकोची जुनी सुती ओढणी दरवाजाच्या वरच्या कडेत अडकवून काच बंद करतो. निघताना ती ओढणी डिकीत न टाकता पुढच्या खणात ठेवा, सकाळी नवाच्या सुमारास लागते.