दोन फुटी रीफ टँकसाठी एआय प्राइम १६ एचडी: टी-५ काढून बसवताना आणि नंतर सांभाळताना

दोन फुटी रीफ टँकवरच्या (प्रवाळ ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीवरच्या) टी-५ या बारीक फ्लुरोसंट ट्यूब म्हाताऱ्या झाल्या की प्रश्न ठरलेला असतो. चारही ट्यूब नव्या आणायच्या, की अख्खे फिक्स्चर उतरवून एलईडी लावायचा? एलईडी म्हटले की या मापाच्या टँकसाठी हमखास निघणारे नाव म्हणजे एक्वाइल्युमिनेशन (एआय) कंपनीचा प्राइम १६ एचडी. हा रिव्ह्यू त्याच अदलाबदलीचा आहे: ६० × ४५ × ४५ सेंटिमीटरची टँक (काठोकाठ भरली तर १२१ लिटर, खडक-वाळू धरून प्रत्यक्षात शंभरच्या आसपास), वर प्रत्येकी २४ वॉटच्या चार ट्यूबचे फिक्स्चर, आणि त्या जागी एक प्राइम.

निकाल आधी सांगून टाकतो. मऊ प्रवाळ आणि झोआ, मशरूम नावाचे प्रवाळ एवढेच ठेवणार असाल तर एक प्राइम पुरतो, उरतोसुद्धा. पण 'एलईडी लावला, आता दहा वर्षे बघायला नको' अशा समजुतीने घेणार असाल तर घेऊ नका. टी-५ दरवर्षी पैसे मागते. प्राइम दर दोन महिन्यांनी ब्रश मागतो, आणि तो नाही दिला तर एकदम मोठी रक्कम मागतो.

टी-५ला उगाच नावे ठेवायची पद्धत पडली आहे, ती बरोबर नाही. चार ट्यूब टँकच्या लांबीभर पसरलेल्या असतात, त्यामुळे खडकाच्या कपारीतही उजेड पोचतो आणि प्रवाळाच्या खालच्या बाजूला काळोख राहत नाही. एलईडीच्या एका ठिपक्यातून येणाऱ्या प्रकाशाला हे जमत नाही. टी-५चा खरा तोटा ट्यूबच्या वयात आहे. डोळ्यांना ट्यूब लख्ख दिसत असते, पण आतला फॉस्फर झिजून निळा भाग कमी होत जातो. त्यामुळे नऊ ते बारा महिन्यांत ट्यूब बदलावी लागते. टोके काळी पडेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. बदलताना चारही एकदम नकोत. एक ट्यूब, मग आठवडा-दोन आठवडे थांबून दुसरी. नाहीतर प्रवाळाला एका दिवसात अचानक कडक ऊन लागल्यासारखे होते.

ट्यूब आणायला इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलात तर दोन घोटाळे होतात. आज दुकानदार 'टी-५' म्हणून जे देतो ती बहुधा एलईडीची बारीक पट्टी असते. तिचा आपल्या फिक्स्चरशी काही संबंध नाही. दुसरा घोटाळा जास्त फसवा. २४ वॉटची हाय-आउटपुट ट्यूब ५४९ मिलिमीटर लांब असते आणि १४ वॉटची साधी टी-५ ट्यूबही तेवढीच लांब. दोन्हींना जी-५ पिना, दोन्ही होल्डरमध्ये छान बसतात. पण २४ वॉटचा चोक १४ वॉटच्या ट्यूबला झेपेल त्यापेक्षा जास्त करंट देतो, आणि ती लवकर जळते. वॉट आणि 'एचओ' ही अक्षरे ट्यूबवर वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. शिवाय पुढचा पुरवठाही बेभरवशाचा होत चाललाय: युरोपीय संघाने २०२३ मध्ये साध्या वापराच्या टी-५ आणि टी-८ ट्यूब बाजारात आणणे थांबवले. मत्स्यटाकीच्या खास ट्यूब मिळतात, पण चोक आणि होल्डर सुटे शोधायला गेलात की दमछाक होते.

आता प्राइमकडे. तळहाताएवढा चौकोनी दिवा, कमाल ५९ वॉट. निळा, रॉयल ब्लू, जांभळा, अतिनील, पांढरा, हिरवा, लाल असे चॅनल वेगवेगळे कमी-जास्त करता येतात आणि सगळे फोनवरच्या मोबियस ॲपमधून. अमेरिकेत किंमत अडीचशे डॉलरच्या आतबाहेर. भारतात आयात आणि कर धरून बरीच चढते. लटकवण्याचा किंवा काचेवर बसवण्याचा माउंट वेगळा विकत घ्यावा लागतो, हे दुकानदार नेहमी शेवटी सांगतो. ती रक्कम आधीच हिशेबात धरा.

नावातल्या 'एचडी'चा अर्थ असा: जे चॅनल तुम्ही कमी ठेवता त्यांची उरलेली वीज बाकीच्या चॅनलना देता येते, म्हणून निळा शंभर टक्क्यांच्याही वर जातो. सोय चांगली आहे, पण त्यामुळे ॲपमधला टक्क्याचा आकडा आणि प्रवाळापर्यंत पोचणारा प्रकाश यांचे नाते सरळ राहत नाही. दुसऱ्याचे 'शेड्यूल' जसेच्या तसे उचलून आपल्या टँकवर लावणाऱ्यांचे प्रवाळ पांढरे का पडतात, याचे निम्मे उत्तर इथे आहे. उरलेले निम्मे उंचीत आणि पाण्याच्या खोलीत.

विजेचा हिशेब: चार टी-५ म्हणजे ९६ वॉट, रोज दहा तासांना जवळपास एक युनिट. प्राइम पूर्ण ताकदीवर दहा तास चालवला तरी ०.५९ युनिट, आणि मऊ प्रवाळांच्या टँकवर तो पूर्ण ताकदीवर कोणी चालवत नाही. मोठा फायदा मात्र बिलात नाही, उष्णतेत आहे. टी-५ची ऊब पाण्याच्या डोक्यावरच साठते. प्राइम ती हीटसिंकमधून (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांमधून) वर ढकलतो. एप्रिल-मेमध्ये विदर्भात किंवा पुण्यात पाणी थंड करणाऱ्या चिलरवर पडणारा भार यामुळे नक्की हलका होतो.

आणखी एक गोष्ट भारतात राहणाऱ्यांनी लक्षात ठेवायची. दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, सी फॅन हे २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत, आहेत. म्हणजे ॲक्रोपोरासारख्या दगडी प्रवाळासाठी लागणारा २०० ते ३५० पारचा प्रकाश (पार हे प्रवाळाच्या उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाचे माप) इथल्या घरगुती टँकला लागतच नाही. मशरूमना ५० पार, झोआंना ७५ ते १२५, लेदर कोरलला १०० ते १५० एवढे पुष्कळ झाले. दुबई किंवा न्यू जर्सीत बसून एसपीएस (लहान पॉलिपचे दगडी प्रवाळ) ठेवणाऱ्यांचा हिशेब वेगळा. त्यांनी या मापाच्या टँकवर दोन प्राइम धरावेत. इथे मात्र दिव्याची ताकद बघून हुरळून जाण्यात अर्थ नाही.

उंची पाण्यापासून ८ ते १० इंच ठेवा. त्याहून खाली आणला तर मध्यभागी कडक झोत आणि कोपऱ्यांत संध्याकाळ, शिवाय मिठाचे शिंतोडे थेट लेन्सवर. कंपनी दोन फूट बाय दोन फूट पसारा सांगते, तो कमाल पसारा आहे. ६० सेंटिमीटर लांबीत दोन्ही टोके स्पष्ट मंद पडतात. तिथे मशरूम ठेवा, काम झाले. वाळूवर लाल-हिरवे ठिपके नाचताना दिसले तर लाल आणि हिरवा चॅनल पाचाच्या आसपास आणा. प्रवाळाला त्यांची गरज नगण्य आहे, आपल्या डोळ्यांना रंग बरा दिसावा एवढाच त्यांचा उपयोग. पांढरा १० ते २० टक्के पुरे. तो चाळीसच्या वर नेला की काचेवर शेवाळ येऊ लागते आणि मग लोक फॉस्फेटला दोष देत बसतात.

बदल करताना सर्वांत जास्त नुकसान पहिल्या दोन आठवड्यांत होते. शक्य असेल तर जुन्या टी-५खाली आधी पार मोजून ठेवा: वाळूवर, मधल्या खडकावर, सर्वांत वर. मीटर अपोजीचा एमक्यू-५१० असेल तर उत्तम. त्याच कंपनीचे जुने मीटर निळा प्रकाश कमी दाखवतात, म्हणून एलईडीखाली त्यांचा आकडा प्रत्यक्षापेक्षा खाली येतो. फोनवरचे लक्स ॲप इथे निरुपयोगी. लक्स हे माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने, हिरव्या-पिवळ्याला झुकते माप देऊन मोजले जाते. निळ्याने भरलेल्या टँकचा त्याला पत्ताच लागत नाही. मीटर विकत घेणे परवडत नसेल तर चार जणांत मिळून घ्यावा किंवा दुकानाकडून दोन दिवस भाड्याने मागावा.

मोजमाप हातात असेल तर नवा दिवा जुन्या पारच्या निम्म्यावर सुरू करा. नसेल तर निळे चॅनल ३० टक्क्यांवर, आणि दर आठवड्याला पाच टक्क्यांनी वर. ॲपमधला ॲक्लिमेशनचा पर्याय हेच काम आपोआप करतो. सुरुवात ५० टक्के आणि कालावधी चार ते सहा आठवडे द्या. दिवसाची लांबी पहिल्या आठवड्यात आठ तास, नंतर नऊ-दहा. प्रवाळ काय म्हणतात ते पाहत राहा. झोआ देठ लांब करून वर ताणले तर प्रकाश कमी पडतोय; मशरूम आकसून कडा वळवू लागली किंवा लेदरचा रंग फिका पडू लागला तर जास्त होतोय. प्रवाळाच्या पेशींतले शेवाळ बाहेर टाकले जाते तेव्हा रंग उडतो, आणि ते परत भरायला आठवडे लागतात. अशा वेळी दिवा १५-२० टक्के खाली आणायचा आणि हात मागे घ्यायचा. रोज खडक हलवून 'योग्य जागा' शोधणे हा उपाय नाही, दुसरा आजार आहे.

आता देखभाल. प्राइमच्या एलईडी चिप सहसा मरत नाहीत. पन्नास हजार तासांचे आयुष्य धरले तर रोज दहा तासांनी तेरा वर्षांहून जास्त होते. मरतो तो पंखा. छोटासा पंखा, खाली खारे पाणी, वर धूळ. पाण्याचे बारीक तुषार हवेबरोबर आत ओढले जातात, सुकतात, आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये मिठाचा थर बसतो. कोकण किनाऱ्यावर आणि मुंबईत पावसाळ्यात हे प्रकरण आणखी बिघडते, कारण साधे मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी शोषून ओले होते, आणि समुद्री मिठातले मॅग्नेशियम क्षार त्याहून कितीतरी कमी आर्द्रतेत. म्हणजे मेमध्ये जो निरुपद्रवी पांढरा थर होता तो जुलैत वीज वाहून नेणारा, पिना गंजवणारा चिखल होतो.

म्हणून दर दोन आठवड्यांनी लेन्स, दर दोन महिन्यांनी पंखा. पावसाळ्यात लेन्स दर आठवड्याला आणि पंखा दर महिन्याला. दिवा बंद करून अडॅप्टर प्लगमधून काढा, पंधरा मिनिटे थंड होऊ द्या, आणि टँकवरून बाजूला घेऊनच काम करा. लेन्स कोरडी पुसू नका, मिठाचे खडे चरे पाडतात. मायक्रोफायबरचे फडके आरओ पाण्यात भिजवून पिळा आणि आधी मीठ विरघळू द्या. डाग राहिलाच तर पांढरे व्हिनेगर आणि आरओ पाणी समप्रमाणात, मग पुन्हा नुसते आरओ. स्पिरिट आणि काच पुसायचे स्प्रे दूर ठेवा: प्लास्टिकच्या लेन्सवर बारीक तडे जातात, आणि स्प्रेचे कण टँकमध्ये गेले तर त्रास वेगळाच. पंख्यासाठी मऊ रंगाचा ब्रश आणि हाताने दाबायचा ब्लोअर. फुंकताना पाते काडीने अडवून धरा; मोकळे सोडले तर ते भरधाव फिरते आणि बेअरिंग जाते.

खरखर आवाज ही पंख्याची पहिली सूचना. दुसरी सूचना आवाजाशिवाय येते: दुपारी दिवा भरात असायला हवा तेव्हा टँक मंद वाटते आणि ॲपमध्ये मात्र आकडा बरोबर दिसतो. तापमान वाढल्यावर दिवा स्वतःला वाचवण्यासाठी प्रकाश उतरवतो. सफाईनेही हे थांबले नाही तर पंखा बदला. पंखा त्याच मॉडेलसाठीचा हवा. प्राइमच्या आधीच्या आवृत्तीचा बसेलच असे धरू नका. बदलताना जुन्या वायरचा फोटो काढून ठेवा, गंजलेल्या स्क्रूवर जोर न लावता दोन थेंब गंज सोडवणारे तेल लावून थांबा, आणि ते तेल पुसून टाकल्याशिवाय दिवा टँकवर नेऊ नका. वॉरंटीत असेल तर उघडण्याआधी विक्रेत्याकडून लेखी विचारून घ्या.

अडॅप्टर खालच्या कपाटात सम्पशेजारी (फिल्टरच्या खालच्या टाकीशेजारी) ठेवण्याची पद्धत सार्वत्रिक आणि सर्वांत वाईट. तो बाहेर, भिंतीवर, पाण्याच्या पातळीच्या वर लावा. वायर प्लगच्या खाली लोंबकळून मग वर येईल अशी सोडा, म्हणजे ओघळ प्लगपर्यंत न जाता खाली ठिबकेल. टँकच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर दिव्याआधी तो बसवा. आणि वीज जाऊन आल्यावर ॲपमध्ये घड्याळ बरोबर आहे का ते एकदा पाहा. रात्री दोनला उगवणारा सूर्य माशांना आवडत नाही.

पंख्याची ही कटकट नकोच असेल तर त्याच कंपनीचा ब्लेड पाहा. लांब पट्टीसारखा दिवा, पंखा नाही, उष्णता ॲल्युमिनियमच्या अंगातूनच बाहेर जाते, आणि प्रकाश टी-५सारखा लांबीभर पसरतो. रीफ टँकसाठी ग्रो आणि ग्लो असे प्रकार मिळतात. दोन फुटीवर वाढीसाठी ग्रो घ्या. रत्नागिरी किंवा मालवणसारख्या दमट गावात राहणाऱ्यांना आम्ही प्राइमआधी हाच सुचवू. स्वस्तातला चिनी 'ब्लॅक बॉक्स' मऊ प्रवाळांना चालतो, पंखेही त्याचे कुठेही मिळतात. पण डब्यावरच्या १६५ वॉटवर विश्वास ठेवू नका, प्रत्यक्षात तो बराच कमी ओढतो.

उतरवलेल्या टी-५ ट्यूब घरच्या कचऱ्यात टाकू नका, त्यांत पारा असतो आणि त्या ई-कचऱ्यात जातात. नव्या ट्यूबच्या खोक्यातच गुंडाळून ठेवा. फुटलीच तर खिडक्या उघडून दहा मिनिटे खोलीबाहेर थांबा, तुकडे पुठ्ठ्याने गोळा करा, चुरा चिकटपट्टीने उचला. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरला तर पारा खोलीभर होतो. फिक्स्चर मात्र महिनाभर ठेवा. प्राइम सदोष निघाला आणि बदलून यायला आठवडा लागला तर टँक अंधारात राहायला नको.