झब्बे भरपूर, माप मात्र नाही

दसऱ्यानंतरच्या रविवारी, ५ ऑक्टोबर २०२५ रोजी, वडिलांसाठी झब्बा घेण्याकरिता ठाण्यातील गोखले रस्त्यावरच्या एका तयार कपड्यांच्या दुकानात गेलो. कापड आणि शिलाई यांविषयी तक्रार नाही, आणि बिलाचा हिशेबही चोख होता: २२ सप्टेंबरपासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यांवर ५ टक्केच जीएसटी लागत असल्याने, जुन्या १२ टक्क्यांनिशी २,२४० रुपये छापलेल्या झब्ब्याचे त्यांनी न सांगताच २,१०० रुपये लावले.

अडचण मापांची आहे. फळ्या गच्च भरलेल्या होत्या, परंतु दिवाळीला दोन आठवडे बाकी असतानाच ४० आणि ४२ ही मापे संपली होती. उरले होते ते ३६ आणि ४६. मालकांनी समजावून सांगितले, की माल पावसाळ्यातच नोंदवावा लागतो, तो सर्व मापांच्या सेटमध्ये येतो, मधली मापे आधी उचलली जातात आणि सणाच्या तोंडावर कारागीर गावी गेल्यामुळे पुन्हा मागणी नोंदवूनही माल वेळेत मिळत नाही. कारण पटले, मात्र दरवर्षी हेच घडत असेल, तर मधल्या मापांचे चार झब्बे जास्त का मागवू नयेत, हे काही कळले नाही.

संगणकावर ४२ मापाचा एक नग शिल्लक दिसत होता. मदतनीस मुलगा पोटमाळ्यापर्यंत जाऊन आला, आणि अर्ध्या तासाने तो नग काचेतल्या पुतळ्याच्या अंगावर सापडला. पाठीला टाचण्या, उजवा खांदा उन्हाने फिका पडलेला. तोही पूर्ण किमतीत देऊ केला गेला. मी नकार देऊन ४४ मापाचा घेतला, जो वडिलांना खांद्यात उतरतो.

बदलून देण्याची सोय भाऊबीजेनंतरच असल्याने पुढच्या शनिवारी पुन्हा गेलो. दारावर ४० टक्के सवलतीची पाटी होती आणि आत तेच ३६ व ४६. अखेर झब्बा ठेवून घेऊन त्यांनी २,१०० रुपयांची जमाचिठ्ठी दिली. मुदत विचारली, तेव्हा मालकांनी पेनाने तिच्यावर 'गुढीपाडव्यापर्यंत' असे लिहून दिले.